रिकामे किती?

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला बांधला नाही असा मुलगा आमच्या वेळी शोधूनही सापडला नसता. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन घरी आलो, की दप्तर एका कोपऱ्यात जायचे आणि हातात खुरपे यायचे. दगड, फुटक्या विटा, गोणपाट आणि लाल माती एवढ्या भांडवलावर आमचे राज्य उभे राही. डोंगरावर मोहरी पेरायची, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजाबुरुजावर उभे करायचे. आमचा किल्ला कोलशेतच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत असे, आणि त्याचे मुख्य स्थपती असत आमचे वडील, अण्णा.

अण्णा कोलशेत रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात स्टोअरकीपर होते. किल्ला बांधतानाही त्यांची नोकरी सुटत नसे. माझे सारे लक्ष तटाकडे आणि तोफांकडे, ते मात्र उकिडवे बसून विचारीत, "कोठार कुठं आहे? पाण्याचं टाकं? शिबंदी खाणार काय, तुझे बुरूज?" मग काड्यापेटीची रिकामी पेटी कोठार म्हणून मातीत बसवली जाई, आणि अण्णा तिच्यात खरोखरीचे चार तांदूळ टाकीत. इतर मुलांच्या किल्ल्यांत वाघ होते, विमाने होती. धान्य फक्त आमच्या किल्ल्यात होते. त्याची मला त्या वयात फार लाज वाटे.

ते कोलशेत आता राहिले नाही. खाडी आहे, खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे जुने गाव आहे, गणपतीही तिथल्या घाटावर अजून विसर्जनाला येतात. पण कारखाने एकामागून एक बंद पडले आणि त्यांच्या जागी तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्याच एका इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, आमचे दोन खोल्या आणि दिवाणखाना असे बिऱ्हाड आहे. एका खोलीत आम्ही उभयता. दुसरीत अण्णा आणि आमचे चिरंजीव. खाली बाग आहे, कारंजे आहे, आणि 'आवारात माती उकरण्यास सक्त मनाई आहे' अशी सुवाच्य पाटीही आहे. तेव्हा किल्ल्याचा प्रश्न निकालातच निघाला होता. तो २०२१ सालच्या दिवाळीत पुन्हा उपस्थित झाला, आणि तोही चिरंजीवांच्या संगणकाच्या पडद्यावर.

त्या वर्षी २८ ऑक्टोबरला 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा चौथा भाग बाजारात आला. दिवाळी बरोबर एका आठवड्यावर. या खेळाचा तिसरा भाग आला होता २००५ साली. म्हणजे सोळा वर्षे जगभरचे खेळाडू चौथ्याची वाट पाहत होते. आमचे चिरंजीव त्या वेळी सतरा वर्षांचे, म्हणजे त्यांनी जवळजवळ जन्मापासूनच वाट पाहिली म्हणायची! बारावीचे वर्ष होते. करोनाच्या दीड वर्षात ऑनलाइन तासांसाठी म्हणून जो संगणक घेतला, त्याच्यासमोर बसून बसून मुलगा मुका झाल्यासारखा झाला होता. आम्हा बापलेकांचे संभाषण 'जेवायला चल' आणि 'आलो' या दोन वाक्यांवर येऊन ठेपले होते, आणि त्यांतले दुसरे वाक्य बहुधा खोटे असे.

हा खेळ आहे तरी काय, हे ज्यांच्या घरात मुलगा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बुद्धिबळात आपण खेळी करतो आणि मग प्रतिपक्षाची वाट पाहतो. गेमवाल्यांच्या भाषेत ज्याला 'रिअल टाइम स्ट्रॅटेजी' म्हणतात, त्या प्रकारात पाळी ही गोष्टच नाही. दोघेही एकाच वेळी खेळत असतात. तुम्ही विचार करीत बसलात, तर तेवढ्या वेळात तो तुमचे गाव जाळून मोकळा होतो. १९९२ सालच्या 'ड्यून टू' या खेळाने हा साचा रूढ केला, आणि १९९७ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या एका कंपनीने त्यात इतिहास ओतून पहिला 'एज ऑफ एम्पायर्स' काढला. सुरुवातीला तुमच्या पदरी असते एक नगरभवन, सहा गावकरी आणि घोड्यावरचा एक टेहळ्या. अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करायचे, घरे बांधायची, माणसे वाढवायची, एका युगातून पुढच्या युगात जायचे, आणि मग जमले तर लढायचे.

हे 'मग जमले तर' पहिल्या रात्री कोणालाच समजले नव्हते. चिरंजीवांचे तीन मित्र, एक डोंबिवलीचा, एक कल्याणचा आणि एक आमच्याच इमारतीतला, आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसले होते. आठ राजवटींपैकी एक निवडायची होती. कल्याणच्या वीराने मंगोल घेतले, कारण त्यांना घरे बांधावी लागत नाहीत आणि अख्खे गाव गाडीवर घालून हलवता येते. भाड्याच्या जागा बदलून त्याचे घरचे लोक कंटाळले होते, त्याचा हा परिणाम असावा. डोंबिवलीकराने इंग्रज घेतले आणि तो रात्रभर नुसता तट बांधीत बसला. चिरंजीवांनी दिल्लीची सल्तनत घेतली, कारण आठांत हिंदुस्थानातली तेवढी एकच होती आणि तिच्याकडे हत्ती होते. शेजारची मेंढरे कोणी पळवायची यावरून मित्रामित्रांतच भांडण जुंपले. रात्री एक वाजता आमच्या घरात 'माझी मेंढी, माझी मेंढी' असा आक्रोश ऐकू आला, तेव्हा सौ. दचकून उठून बसली.

दोन दिवसांनी मुले अनोळखी खेळाडूंशी खेळू लागली, आणि पराभवांची मालिका सुरू झाली. चिरंजीवांचा सारा जीव हत्तींत. पण हत्ती उभा करायचा तर अन्न लागते, सोने लागते, त्याआधी किल्ल्याच्या युगात पोचावे लागते. आणि तिथवर पोचण्याच्या आत, सातव्या-आठव्या मिनिटाला, कोणातरी अज्ञात माणसाचे फ्रेंच घोडेस्वार येऊन लाकूडतोड्यांना कापून जात. मग मुलगा दोन अक्षरे टंकीत असे: 'जीजी'. म्हणजे 'गुड गेम', छान झाला डाव. हरणाऱ्याने निघताना हे म्हणायचे असा त्या लोकांत रिवाज आहे. हरल्यावर आदळआपट न करता नमस्कार करून उठण्याची ही रीत मला मोठी सुसंस्कृत वाटली. घरात जेवणावर रुसणारा हा मुलगा दिवसातून सहा वेळा परक्या माणसाला 'छान झाला डाव' म्हणत होता!

मी दाराशी उभा राहून हे पाहत असे. मला तिथे खिळवून ठेवणारी एक गोष्ट निराळीच होती. या खेळात गावकऱ्याला हाक मारली, की तो आपल्या भाषेत ओ देतो. आणि इंग्रजांचा गावकरी पहिल्या युगात जे इंग्रजी बोलतो, ते शेवटच्या युगात बोलत नाही. युगागणिक त्याची बोली बदलत जाते. वीस वर्षे मी वर्गात भाषा कशी बदलते ते फळ्यावर खडूने सांगत आलो. इथे एक लाकूडतोड्या कुऱ्हाड चालवता चालवता ते सांगत होता. दिल्लीवाल्यांची गंमत तर आणखी वेगळी. त्यांच्याकडे संशोधनाला पैसा लागत नाही, फक्त वेळ फार लागतो. मशिदीत विद्वान आणून बसवले की तो वेळ कमी होतो. अर्धवट राहिलेल्या माझ्या प्रबंधाची मला अकारण आठवण झाली.

पण मी दाराशीच उभा होतो. खोलीत बसलेले होते अण्णा. त्यांची कॉटच तिथे असल्यामुळे त्यांना दुसरी जागा नव्हती. वय शहात्तर, फिरायला जाणे करोनाने बंद केलेले, वर्तमानपत्र सकाळी दहालाच संपलेले. तीन दिवस ते नातवाच्या पाठीमागून पडद्याकडे नुसते पाहत होते. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले,

"अरे, तो कोपऱ्यात आकडा दिसतो, तो कसला?"

"रिकामटेकडे आहेत ते, आजोबा. काहीच न करता बसलेले किती, ते दाखवतो."

मुलाने मान वळवली नव्हती. त्याच्या मनात काही नव्हतेही. पण माझ्या काळजात चर्र झाले. अण्णांचा कारखाना बंद झाला २००० साली. त्यानंतर एका दुकानात वर्षभर हिशेब लिहिण्यापलीकडे त्यांना काम मिळाले नाही. एकवीस वर्षे हा माणूस घरात बसून होता, आणि आम्ही कोणी कधी त्याला रिकामा म्हटले नसले, तरी 'अण्णा घरीच असतात, ते घेतील पार्सल' असे दिवसातून दोनदा म्हणतच होतो.

अण्णा क्षणभर थांबले. मग शांतपणे म्हणाले, "तीन बसलेत. त्यांना लाकडाला लाव. लाकूड संपत आलंय तुझं."

त्याच संध्याकाळी त्यांनी कालनिर्णयाचे मागल्या महिन्याचे पान फाडले आणि त्याच्या कोऱ्या कडेला पट्टीने रेघा आखल्या. अन्न, लाकूड, सोने, दगड. प्रत्येकासमोर आवक, जावक, शिल्लक. कारखान्यात प्रत्येक मालाच्या मांडणीला असे बिन कार्ड लटकवलेले असते, हे मी लहानपणी पाहिले होते. तीन डाव अण्णा चष्मा कपाळावर चढवून, घड्याळ समोर ठेवून नोंदी करीत बसले. चौथ्या डावाआधी त्यांनी आपला अहवाल दिला:

"तू हत्तींमुळं हरत नाहीस. दर वेळी पाचव्या मिनिटाला तुझं काम अडतं. घरं वेळेवर बांधत नाहीस, म्हणून नवीन माणूस येत नाही. एका घरात दहा माणसं ना? मग आठ झाली की पुढचं घर सुरू करायचं. माल संपल्यावर मागणी करायची नसते रे, संपायच्या आधी करायची."

चिरंजीवांनी प्रथमच हेडफोन काढून मागे वळून पाहिले.

मी दरवर्षी वर्गात 'भाऊसाहेबांची बखर' शिकवतो. मुले लढाईचे वर्णन ऐकायला उत्सुक असतात, आणि मीही ते आवाज चढवून वाचतो. पण १४ जानेवारी १७६१ रोजी आपले सैन्य पानिपतावर बाहेर पडले, ते छावणीतले धान्य संपल्यामुळे. रसद तोडली गेली होती आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरणे बरे, एवढाच पर्याय उरला होता. हे वाक्य मी दर वर्षी उच्चारीत आलो होतो. त्याचा अर्थ मला कालनिर्णयाच्या पानावरच्या त्या रेघांपाशी समजला. हा खेळ लढाईचा नाहीच. तो प्रपंचाचा आहे. पंधरा मिनिटे मेंढरे राखायची, बोरे वेचायची, शेते लावायची, आणि ज्याच्या घरात एकही हात रिकामा नाही, त्याचा झेंडा शेवटी उभा राहतो. चार तांदळांची काड्यापेटी मला आठवली, आणि लहानपणीच्या त्या लाजेची आता लाज वाटली.

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी, ४ नोव्हेंबरला होते. पूजा झाली, फराळ झाला आणि दोघे आजा-नातू खोलीत गेले. आतून मधूनमधून मुलाचा आवाज येई, "आजोबा, रिकामे किती?" आणि अण्णांचे ठाम उत्तर, "दोन. विहिरीपाशी नको शोधूस, सोन्याच्या खाणीशेजारी उभे आहेत." मग बऱ्याच वेळाने, "रिकामे किती?" "कुणी नाही." आणि साडेनऊच्या सुमारास एक आरोळी उठली. त्यांचे हत्ती अखेर निघाले होते. पलीकडच्या कोण्या अज्ञात माणसाने 'जीजी' लिहिले. चिरंजीव बाहेर धावत येऊन मला म्हणाले, "बाबा, जिंकलो!" त्या वर्षातले त्यांचे माझ्याशी आपणहून बोललेले ते पहिले वाक्य.

रात्री अण्णा आणि मी गॅलरीत उभे होतो. खाली फुलबाज्या चालल्या होत्या. दूर खाडीवर अंधार होता. अण्णा सहज म्हणाले,

"हा तोच खेळ ना रे? तू स्टेशनजवळच्या त्या दुकानात खेळायचास तो?"

मी गप्पच झालो. १९९९ च्या शेवटाला या खेळाचा दुसरा भाग आला, तेव्हा मी ठाण्यात राहून एम. ए. करीत होतो. घरी सांगत असे, 'मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो.' १८९३ साली स्थापन झालेल्या त्या पवित्र वास्तूचे नाव घेऊन मी प्रत्यक्षात बसत असे एका सायबर कॅफेत. तासाला तीस रुपये. सहा जण शेजारी शेजारी बसून एकमेकांची गावे जाळीत असू. कोणाला तरी 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' हा मंत्र कळला होता. तो टंकला की मध्ययुगात एकदम निळी मोटार अवतरे आणि बंदुकीने सारे राज्य साफ करी. त्या मोटारीपायी मी किती तीस रुपये उडवले, याचा हिशेब कोणत्याच बिन कार्डावर नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकदा आलो होतो तिथं. आधी ग्रंथसंग्रहालयात गेलो. तिथं नव्हतास. परत येताना काचेतून दिसलास."

"मग हाक का नाही मारलीत?"

अण्णा थोडे हसले. "तू इतका रंगला होतास. इतकं मन लावून काही करताना मी तुला कधी बघितलंच नव्हतं. दहा मिनिटं उभा राहिलो नि निघालो." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी आमच्या गेटवर नोटीस लागली होती. ते तुला सांगावं म्हणून आलो होतो. पण म्हटलं, डाव अर्ध्यावर कशाला मोडायचा? मलाही कुठं लगेच सांगायचं होतं."

कारखाना बंद होणार हे मला आईकडून कळले, आठ दिवसांनी. तो मधला आठवडा मी मनात शोधू लागलो आणि मला नको ते सापडले. त्या आठवड्यात केव्हातरी मी अण्णांकडे झेरॉक्ससाठी म्हणून पन्नास रुपये मागितले होते, आणि त्यांनी एक प्रश्न न विचारता दिले होते. ते पैसे कुठे जाणार हे त्यांना ठाऊक होते. आणि पुढचा पगार येणार नाही, हेही.

क्षमा मागावी असे फार वाटले. पण आपल्याकडे वडिलांची क्षमा मागायला शब्द नसतात, एम. ए. मराठी असूनही मला ते सापडले नाहीत. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "अण्णा, तो खेळ ज्यांनी काढला, ती डॅलसची कंपनीही बंद झाली. जानेवारी २००९ मध्ये. हा चौथा भाग कॅनडातल्या दुसऱ्याच लोकांनी केलाय."

अण्णांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. "मग त्यांचा माल कुणी मोजून दिला?" त्यांनी विचारले. "सगळे निघून जातात, पण स्टोअरकीपर शेवटी जातो. मी तीन महिने एकटा मोजत होतो. पिंपं, पिशव्या, स्क्रूसुद्धा. एका पैशाचा फरक आला नाही." आणि त्यांनी समोर अंधारात, जिथे आता मोटारी उभ्या करायची जागा आहे, तिकडे बोट दाखवले. "तिथं होतं आमचं स्टोअर."

दुसऱ्या दिवशी पाडवा. सौ.ने ओवाळले, आणि नंतर चिरंजीवांनी आजोबांना खुर्चीत बसवून माऊस त्यांच्या हातात दिला. समोर संगणकच प्रतिपक्ष, तोही सर्वांत सौम्य. मी या वेळी दाराशी न थांबता कॉटवर जाऊन बसलो. अण्णांचा हात थरथरत होता. मेंढरावर टिचकी मारायला जावी आणि ती झाडावर पडावी असे चालले होते. पण अर्ध्या तासात त्यांनी गाव असे उभे केले, की बघत राहावे. शेते ओळीत, लाकूडतोडे जंगलाच्या कडेने, प्रत्येक खाणीजवळ कोठार. माणसांची संख्या दोनशेला भिडली. त्यापुढे खेळच परवानगी देत नाही. कोपऱ्यातला आकडा नाहीसा झाला होता. आणि एकही सैनिक नव्हता.

"आजोबा, आता फौज काढा! हल्ला करा!" नातू ओरडत होता.

"थांब रे जरा," अण्णा म्हणाले, "सगळे कामाला लागलेत."

त्यांनी माऊस सोडून दिला आणि मागे टेकून ते पडद्याकडे पाहत राहिले. गावकरी ये-जा करीत होते. कोणी पाती घेऊन शेतात, कोणी मोळी घेऊन कोठाराकडे. अण्णांचा चेहरा मी फार वर्षांनी तसा पाहिला. किल्ल्यापाशी उकिडवे बसून पेटीत तांदूळ टाकताना तो तसा असे.

मग उत्तरेकडून शत्रू आला. सौम्य असला तरी शत्रूच तो. पंधरा-वीस भालेकऱ्यांनी दोनशे माणसांचे ते भरले गाव हळूहळू पेटवून दिले. नातू कपाळाला हात लावून बसला. मी म्हणालो, "अण्णा, थोडे तरी सैनिक ठेवायचे होते."

"हो," अण्णा म्हणाले, "ते राहिलंच." मग चष्मा पुसून त्यांनी नातवाला विचारले, "ती दोन अक्षरं कुठं लिहायची?"

"कॉम्प्युटरला लिहावी लागत नाहीत, आजोबा."

"असू दे. दाखव."

त्यांनी एका बोटाने ती दोन अक्षरे शोधून शोधून लिहिली. स्वयंपाकघरातून सौ. चकल्या गार होताहेत म्हणून ओरडत होती. नातवाने तिला 'आलो' म्हटले, आणि अण्णा म्हणाले, "पुन्हा लाव."